किल्ल्यांच्या जुडग्यातला उंदीर

आमच्या कोठीच्या खोलीच्या किल्ल्या एका लाकडी उंदराला बांधलेल्या असायच्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आजेसासूबाई हयात होत्या. सगळे त्यांना माई म्हणायचे. नऊवारी लुगड्याच्या कमरेशी किल्ल्या आत खोचलेल्या आणि उंदीर तेवढा बाहेर, अशाच त्या माझ्या डोळ्यांसमोर येतात. धान्याला उंदीर लागू नये म्हणून डब्यांची झाकणं दिवसातून चारदा तपासायच्या. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर मारू द्यायच्या नाहीत, गड्याला लांब ओढ्यापलीकडे सोडून यायला लावायच्या. आणि स्वतः मात्र कमरेला उंदीर लावून घरभर फिरायच्या.

उंदीर मोठ्या सुपारीपेक्षा थोडा मोठा. अंग गोळा करून बसलेला, शेपूट पोटाखाली घेतलेली, पुढच्या पायांत कसलासा दाणा. रंग जुन्या पाटासारखा तपकिरी. एक डोळा काळा, चमकणारा. दुसऱ्या डोळ्याच्या जागी नुसतं बारीक भोक. पोटाला दोन छिद्रं, एक लहान, एक जरा मोठं.

तो घरात आणला आजेसासऱ्यांच्या धाकट्या भावाने. ते मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे कामाला होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधी दोनेक वर्षं त्यांच्या कामासाठी जपानात कोबेला राहिले होते. हे ऐकून आता नवल वाटतं, पण त्या काळी ते तसं नवलाचं नव्हतं. जपानच्या सूतगिरण्यांना आपला कापूस लागायचा. १८९३ मध्येच टाटांच्या साथीने निप्पॉन युसेन या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशी बोटींची फेरी सुरू केली होती. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तिथले बरेच हिंदुस्थानी व्यापारीही कोबेलाच आले. तर तिकडून परतताना त्यांनी मुलांना खेळायला म्हणून हा उंदीर आणला. माईंनी तो मुलांच्या हातातून काढून घेतला. का, तर "भोकं कुणी उगाच पाडत नाही. दोरा ओवायलाच असणार." त्यांनी दोरा ओवला, किल्ल्या बांधल्या आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो कमरेला वागवला.

गेल्या वर्षी दिरांचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याने तो जुडगा हातात घेतला, मोबाईलवर दहा मिनिटं काहीबाही पाहिलं आणि म्हणाला, "काकू, हे नेत्सुके आहे. जपानी अँटिक. खरं जुनं असलं तर लोक चांगले पैसे देतात." पैशाचा विषय निघाल्यावर घरात दोन तट पडले. पण माझ्या सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. त्यांनी उंदीर चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, "लाकडाचाच आहे न्हवं? हाडाबिडाचा नाही ना?"

या दोन प्रश्नांनी, जुनं आहे का आणि कशाचं आहे, मला पुढचे चार महिने वाचायला लावलं. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

'ने' म्हणजे मूळ किंवा लाकडाची मुळी, आणि 'त्सुके' म्हणजे लावलेलं, जोडलेलं. किमोनोला आपल्या सदऱ्यासारखा खिसा नसतो. लांब बाह्यांत किंवा छातीशी दुमडीत कागद, रुमाल अशा हलक्या वस्तू राहतात. पण तंबाखूची पिशवी, पैशांचा बटवा, औषधाची डबी कुठे ठेवायची? मग त्या दोरीने कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे ओबीला, लटकवायच्या. अशा लोंबणाऱ्या वस्तूंना सागेमोनो म्हणत. दोरी पट्ट्याच्या मागून वर काढायची आणि ती खाली घसरू नये म्हणून वरच्या टोकाला काहीतरी जाडसर अडकवायचं. ते जाडसर काहीतरी म्हणजे नेत्सुके. पहिल्यांदा ते लाकडाच्या मुळीचा किंवा फांदीचा तुकडा, लहानसा भोपळा असं काहीही असे. दोरीवर मध्ये एक मणी असतो, ओजिमे. तो खालीवर सरकवला की पिशवीचं तोंड उघडतं किंवा मिटतं.

हे वाचताना मला सारखी माझ्या माहेरच्या आजोबांची चंची आठवत होती. पान, सुपारी, चुना, तंबाखू, सगळ्याला वेगळा कप्पा, आणि वर गुंडाळायला लांब दोरा. आपल्याकडेही खिसा ही अलीकडची गोष्ट. त्याआधी माणसं कनवटीला पैसे लावत, कमरेला कसा बांधत, बायका ओच्यात आणि कमरेशी खोचत. शरीर तेच, गरज तीच. फक्त आपण खोचून मोकळे झालो आणि त्यांनी त्या अडकवण्याच्या गोळ्याचं कोरीव काम करून ठेवलं. माईंची पद्धत जपानी पद्धतीच्या उलट होती. तिकडे पिशवी बाहेर लोंबते, इकडे किल्ल्या आत होत्या. पण घसरू नये म्हणून टोकाला उंदीर, हे अगदी तेच. आणखी एक गंमत. नेत्सुके ही तिकडे मुख्यतः पुरुषांची वस्तू. बायकांची ओबी रुंद, त्या तिच्या घड्यांत किंवा किमोनोच्या छातीशी आपल्या वस्तू खोचून ठेवत. कमरेला नेत्सुके मिरवणारी बाई म्हणून आमच्या माई जरा वेगळ्याच.

नेत्सुकेचा खरा बहर आला तो तंबाखूमुळे. माझं माहेर निपाणीकडचं. तंबाखूच्या वखारींचा वास मला पाठ आहे, म्हणून हा भाग वाचताना मी जरा सावरून बसले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात पोचला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शोगुनच्या सरकारने त्यावर बंदीचे हुकूम काढले, पण कोणी ऐकलं नाही. किसेरु नावाची बारीक तोंडाची चिलीम आणि तंबाखूची पिशवी घराघरात गेली. जवळजवळ त्याच काळात तोच तंबाखू पोर्तुगीजांच्याच हातून आपल्या दख्खनमध्येही आला होता. असद बेग हा अकबराचा सरदार विजापूरला गेला होता. त्याने तिथून परतताना तंबाखू आणि चिलीम नेली आणि १६०४ च्या सुमाराला ती अकबरापुढे ठेवली. विजापूर म्हणजे आमच्या माहेराहून फार लांब नाही. एकाच झाडाच्या पानांनी तिकडे नेत्सुके वाढवलं आणि इकडे आमच्या आजोबांची चंची. व्यसन वाईटच, आमच्या घरात ते धर्मानेही वर्ज्य, पण त्याच्या सरंजामाचा इतिहास मोठा रंगतदार आहे हे कबूल करायला हवं.

आता हे नक्षीकाम का वाढलं ते. तोकुगावा घराण्याच्या काळात, म्हणजे १६०३ ते १८६८, जपानात मोठी लढाई जवळजवळ नव्हती. शहरं वाढली, एडो म्हणजे आजचं तोक्यो, ओसाका, क्योतो. व्यापाऱ्यांकडे पैसा आला. पण समाजाच्या उतरंडीत व्यापारी कागदोपत्री सगळ्यात खाली, सामुराई, शेतकरी आणि कारागिरांच्याही खाली. कोणी कुठलं कापड नेसायचं, किती थाट करायचा, याचे सरकारी हुकूम वरचेवर निघत. रेशमी झुळझुळीत किमोनो घालून मिरवायची चोरी. मग पैसेवाला माणूस काय करणार? साध्या रंगाच्या किमोनोला आतून भारी अस्तर लावणार आणि कमरेला दोन इंचांचा एक लहानसा प्राणी अडकवणार. तो ज्याला ओळखायचा तो ओळखणार, सरकारी माणसाला दिसून न दिसल्यासारखा. आपल्याकडेही अंगावर साधी साडी आणि कानात मात्र लाखाच्या कुड्या घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मला यात फार परकं काही वाटलं नाही.

१७८१ मध्ये ओसाकात तलवारीच्या साजाविषयी एक सात खंडांचा ग्रंथ निघाला, 'सोकेन किशो'. कर्ता इनाबा त्सूर्यू, हा स्वतः त्या साजाचा व्यापारी. शेवटच्या खंडात त्याने नेत्सुके कोरणाऱ्या पन्नासहून अधिक कारागिरांची नोंद केली आहे. तोवर हे लोक कुणाच्या खिजगणतीत नव्हते. कोणी मूर्ती करता करता नेत्सुके करी, कोणी मुखवटे, कोणी दात बसवणारा. त्या यादीत क्योतोच्या तोमोतादाचं नाव आहे. त्याचे बसलेले बैल इतके गाजले की त्यांच्या नकला होत असल्याचंही इनाबा तिथेच लिहून ठेवतो. म्हणजे बघा, अँटिकच्या बाजारातली फसवणूक ही आजची नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच 'तोमोतादा' अशी सही ठोकून बैल विकले जात होते. आमच्या उंदरावर सहीच नाही. पुतण्या त्यामुळे खट्टू झाला होता. मी त्याला म्हटलं, खोट्या सहीपेक्षा हे बरं.

कारागिराची परीक्षा कशात असते ते मला उंदीर हातात घेऊन वाचल्यावर कळलं. नेत्सुकेला कुठे टोक बाहेर आलेलं चालत नाही. ते किमोनोच्या बाहीत अडकेल, कापड फाटेल, किंवा तेच मोडेल. म्हणून प्राणी असा बसवायचा की कान पाठीला चिकटलेले, शेपूट पोटाखाली, पाय अंगाशी. गोळा तर व्हायला हवा, पण जिवंतही वाटायला हवा. शिवाय ते सगळ्या बाजूंनी दिसतं, तळाकडूनसुद्धा. आमच्या उंदराच्या पोटाशी पायांची बोटं एकेक मोजता येतात, जिथे कमरेला लावल्यावर कुणाची नजर जायचं कारण नाही. दोरीच्या छिद्रांना हिमोतोशी म्हणतात. त्यातलं एक मोठं का, तर दोरीची गाठ त्यात बुडून जावी आणि वर उंचवटा दिसू नये. माईंना हे माहीत नव्हतं. त्यांची गाठ कायम बाहेर असायची.

लाकूड बहुतेक त्सुगेचं, इंग्रजीत बॉक्सवुड म्हणतात ते. हे झाड अतिशय सावकाश वाढतं, त्यामुळे लाकूड घट्ट, बारीक रेषांचं, चिरा न जाणारं. जपानात केसांच्या फण्याही याच लाकडाच्या करतात. कोरून झाल्यावर घासायला पॉलिश कागद कुठला? तोकुसा नावाच्या पाणवनस्पतीसारख्या दिसणाऱ्या एका रोपाच्या कांड्या खरखरीत असतात, त्या वाळवून घासायला वापरत. नंतर मुकु झाडाची वाळलेली पानं. आपल्याकडे भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत त्यातलीच ही अक्कल.

प्राण्यांच्या नेत्सुकेत लाकूड म्हटलं की काही गावांची नावं येतात. इसे हे मोठ्या देवस्थानाचं ठिकाण, देशभरातून यात्रेकरू तिथे येत. तिथल्या यामादा गावात मासानाओ नावाच्या घराण्याने, पहिला मासानाओ १८१५ चा, जवळच्या आसामा डोंगरावरच्या त्सुगेतून बेडूक कोरले. जपानीत बेडकाला 'काएरु' म्हणतात आणि 'काएरु' म्हणजेच परत येणं. यात्रेला निघालेला माणूस सुखरूप घरी परत यावा म्हणून बेडूक. हिदा प्रांतात ताकायामाला सुकेनागाने रंग न देता यू झाडाच्या लाकडात ठसठशीत घावांचे बेडूक केले. आणि नागोयाचा इक्कान, १८१७ ते १८९३, त्याचे उंदीर प्रसिद्ध आहेत, अंगाचा गोळा करून बसलेले. आमचा उंदीर इक्कानचा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्याच्या उंदरांचे फोटो पाहिले तेव्हा बसण्याची ढब ओळखीची वाटली, एवढं खरं. चांगली ढब एकदा सापडली की मागून येणारे तीच गिरवतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी.

उंदीरच का, याला दोन उत्तरं. एक म्हणजे त्यांच्या बारा वर्षांच्या चक्रात पहिलं वर्ष उंदराचं. दुसरं जास्त गमतीचं. जपानातल्या सात भाग्यदेवतांत दाइकोकू नावाचा देव आहे. हसरा, जाडजूड, पाठीवर थैली, हातात हातोडा, पायाखाली तांदळाची पोती. उंदीर त्याचा दूत. जिथे भरलेली कोठी तिथे उंदीर, म्हणून उंदीर समृद्धीची खूण. आणि हा दाइकोकू मूळचा कोण? आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो जपानला गेला, नावाचा अर्थ तसाच राहिला, 'मोठा काळा', आणि तिथे जाऊन मात्र तो स्वयंपाकघराचा, तांदळाचा, हसणारा देव झाला. उज्जैनच्या देवाचं हे रूप पाहून मला दोन दिवस राहून राहून हसू येत होतं. कोठीच्या किल्ल्यांना कोठीच्या देवाचा उंदीर बांधला गेला हा निव्वळ योगायोग, पण असा योगायोग आवडतो.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण घरात तोच महत्त्वाचा होता.

नेत्सुके म्हटलं की जगाला आधी हस्तिदंत आठवतो. जपानात हत्ती नाहीत. दात बाहेरून, बोटींनी नागासाकीला यायचा. शामिसेन नावाच्या तंतुवाद्याची नखी मोठी, पंख्यासारखी पसरट असते, ती हस्तिदंताची करत. नखी कापून जे कोपरे उरायचे त्यातून नेत्सुके होत, म्हणूनच काही जुन्या हस्तिदंती नेत्सुकेचा आकार तिकोनी आहे. त्याशिवाय हरणाचं शिंग, रानडुकराचा सुळा, वॉलरसचा दात, सगळं वापरलेलं आहे. म्हणजे सासूबाईंची शंका अगदी रास्त होती.

घरात अशी वस्तू असेल तर बघण्याची साधी रीत सांगते. सुई तापवून टोचण्याचा सल्ला जागोजागी दिसतो, तो कृपा करून पाळू नका, वस्तू कायमची बिघडते. उजेडात भिंग घेऊन बसा. लाकडाला शिरा दिसतात, त्या एका दिशेने वाहतात आणि वस्तू हातात हलकी लागते. हाडाला सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके आणि बारीक खाचा असतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. प्लॅस्टिकला यातलं काही नाही, उलट कुठेतरी साच्याची शिवण सापडते. आणि हस्तिदंत निघालाच तर विकायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे त्याच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे. १९८९ मध्ये जगातल्या देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आणायचं ठरवलं. ब्रिटनसारख्या देशाने तर २०२२ पासून जुन्या हस्तिदंती वस्तूंच्या विक्रीवरही कडक निर्बंध घातले आहेत.

आमचा उंदीर लाकडाचा निघाला. शिरा पाठीवरून शेपटीकडे स्वच्छ वाहताना दिसतात. सासूबाईंना भिंगातून दाखवलं, त्यांचा जीव भांड्यात पडला. पण मी पुढचं पान वाचलं होतं. लाकडी प्राण्यांचे डोळे बहुधा वेगळे बसवतात, आणि ते काळे चमकदार डोळे पुष्कळदा म्हशीच्या शिंगाचे असतात.

हे सांगावं की नाही, यात माझे आठ दिवस गेले. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. आमच्या घरात चामड्याची पर्स आणायची नाही, रेशमी साडी नेसायची नाही, मध खायचा नाही. चांदीच्या वर्खाची मिठाईसुद्धा कधीच बंद झाली, वर्ख कसा कुटतात ते कळल्यापासून. माहीत असून गप्प बसले तर ती त्यांची फसवणूक. सांगितलं तर सासूची आठवण असलेली एकुलती एक वस्तू त्या घराबाहेर काढायला सांगतील, असं मला भय. शेवटी एका दुपारी शेंगा निवडताना सांगून टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत. शेंगा निवडत राहिल्या.

दरम्यान मी एका कुटुंबाची हकीकत वाचत होते, ती त्यांना रोज थोडी थोडी सांगायचे. त्यासाठी जरा मागे जावं लागेल. १८६८ नंतर जपान झपाट्याने बदललं. १८७१ मध्ये पुरुषांना पारंपरिक शेंडी कापायची मुभा मिळाली, १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी झाली. कोट-पँट आली, पँटला खिसे आले, किसेरुच्या जागी सिगारेट आली. नेत्सुकेचं कामच संपलं. शंभर-दोनशे वर्षं घराघरात असलेल्या या वस्तू टोपल्यांनी बाजारात आल्या आणि युरोपातल्या लोकांनी त्या उचलल्या. १८६७ च्या पॅरिसच्या आणि १८७३ च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनांनंतर तर जपानी वस्तूंचं वेडच लागलं. पॅरिसमध्ये शार्ल एफ्रुसी नावाचा ज्यू गृहस्थ होता. घराणं मूळचं ओडेसाचं, धान्याच्या व्यापारात आणि मग सावकारीत मोठं झालेलं. त्याने १८७० च्या दशकात एका व्यापाऱ्याकडून २६४ नेत्सुके एकदम घेतले. लाकडी, हस्तिदंती, उंदीर, वाघ, ससे, फळं, माणसं. १८९९ मध्ये व्हिएन्नातल्या चुलतभावाच्या, व्हिक्टरच्या, लग्नात त्याने ते सगळे काचेच्या कपाटासकट आहेर म्हणून पाठवले. व्हिक्टरची बायको एमी हिने ते कपाट आपल्या कपडे करायच्या खोलीत ठेवलं. ती संध्याकाळी बाहेर जायला तयार होत असे तेव्हा मुलं तिच्या पायाशी बसून त्या प्राण्यांशी खेळत.

१९३८ मध्ये नाझी व्हिएन्नात शिरले. घर गेलं, पेढी गेली, चित्रं, पुस्तकं, सगळं जप्त झालं. एमी त्याच वर्षी वारली. घरात आन्ना नावाची एक मोलकरीण होती, ती ज्यू नव्हती, म्हणून तिलाच सामान बांधायच्या कामाला लावलं. भारी वस्तूंवर सगळ्यांचा डोळा होता. या लहानशा बाहुल्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती येता-जाता दोन-चार दोन-चार एप्रनच्या खिशात टाकायची आणि आपल्या खोलीत नेऊन गादीत लपवायची. युद्धभर ती त्या गादीवर झोपली. १९४५ च्या डिसेंबरात मुलगी एलिझाबेथ घर बघायला परत आली तेव्हा आन्नाने सगळेच्या सगळे २६४ तिच्या हवाली केले. पुढे एलिझाबेथचा भाऊ इगी ते घेऊन तोक्योला राहायला गेला, म्हणजे नेत्सुके पुन्हा जपानात. तिथून ते एलिझाबेथच्या नातवाकडे, एडमंड डी वाल या कुंभाराकडे आले. त्यानेच २०१० मध्ये ही सगळी हकीकत 'द हेअर विथ अँबर आइज' या पुस्तकात लिहिली. २०१८ मध्ये त्याने बरेचसे नेत्सुके व्हिएन्नाच्या ज्यू म्युझियमकडे ठेवायला दिले आणि ७९ विकून तो पैसा निर्वासितांसाठी दिला.

सासूबाईंनी हे सगळं ऐकलं. पॅरिस, व्हिएन्ना, नाझी, यावर काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "त्या आन्नाला मग काय दिलं गं?" पुस्तकात तिचं आडनावसुद्धा नाही, असं मी सांगितलं. "बघ," एवढंच म्हणाल्या.

पुतण्याने मध्यंतरी उंदराचे फोटो पुण्यातल्या एका जाणकारांना दाखवले. त्यांनी सांगितलं, लाकूड चांगलं, कामही चांगलं, आणि विशेष म्हणजे झीज अस्सल आहे. छिद्रांच्या कडा दोरीने गुळगुळीत झाल्यात, पाठ हाताळून चमकते, ही झीज खोटी करता येत नाही, म्हणजे वापरलेलं, जुनं नेत्सुके. हाताळून येणाऱ्या या झळाळीला जपानी लोक 'अजी' म्हणतात, म्हणजे चव. मला तर तो शब्द आपल्या आजीसारखाच ऐकू आला. आणि तिथेच घोळ आहे. खिसे आल्यावर जपानी कारागीर परदेशी गिऱ्हाईकांसाठी नेत्सुके करत राहिले. छिद्रं तशीच पाडत, पण ती कमरेला लावायला कुणी घेत नसे. कोबेसारख्या बंदरातल्या दुकानांत अशीच पुष्कळ विकली जात. आमचा उंदीर त्यातला असला तर तो आला तेव्हा कोराच असणार. मग कडा कुणी गुळगुळीत केल्या? एडोतल्या कुणा तंबाखूवाल्याने की किल्ल्या काढता-घालता आमच्या माईंनी? पाठीवरची चमक कुणाच्या अंगठ्याची? मी माईंना बघितलं आहे. विचारात पडल्या की त्या बोलत नसत, अंगठा उंदराच्या पाठीवरून फिरवत बसत.

पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे सर्टिफिकेटवर पणजीचं नाव टाकायला पाहिजे." त्यानंतर विकायची गोष्ट निघाली नाही.

राहिला डोळा. शेंगांच्या त्या दुपारनंतर पंधरा-वीस दिवसांनी सासूबाईंनी स्वतःच उंदीर मागितला. भिंग मागितलं. उरलेल्या डोळ्याकडे बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, त्यांना ठाऊक नव्हतं, माईंना ठाऊक नव्हतं, आता आपल्याला ठाऊक झालं. देवघराच्या फळीवर ठेवायचा नाही, स्वयंपाकघरात आणायचा नाही, आणि असली वस्तू पुन्हा या घरात विकत आणायची नाही. बाकी आहे तो आहे. "डोळा काढू नको. एक गेलाय तेवढा पुरे."

आता तो बैठकीतल्या काचेच्या कपाटात आहे. उन्हापासून लांब ठेवायचा, पाणी-तेल काही लावायचं नाही, कोरड्या स्वच्छ हाताने घ्यायचा, एवढीच त्याची काळजी. माईंचा सुती दोरा कुजून गेला होता, तो मी परवा बदलला. नवीन दोरा लहान छिद्रातून ओवून मोठ्यातून काढला, गाठ मारली आणि ओढली. गाठ अलगद आत बसली, वर काही दिसेना. सासूबाई म्हणाल्या, "माईंना दाखवायला पाहिजे होतं."